प्रकल्प नोंदी : यूएसबी-सी पोर्ट, सुलटा आणि उलटा

९ जून २०२५, फोंडा

कॅमेऱ्याच्या बोर्डावरचा यूएसबी-सी पोर्ट आजपासून माझ्याकडे आला. कॅमेरा आहे गोव्यातल्या ग्रँड बेटाजवळ प्रवाळांची छायाचित्रे घेणाऱ्या डायव्हर मंडळींसाठी. बुडी मारण्याआधी होडीवर लॅपटॉप जोडून फोकस आणि रंग बसवायचे, म्हणजे सेन्सरचे कच्चे चित्र लगेच स्क्रीनवर यायला हवे. त्यांची दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची वाटली. होडी डुलत असते, हात ओले असतात, केबलची कुठली बाजू वर आहे ते बघायला कुणाला सवड नसते. केबल कशीही घातली तरी कॅमेरा तसाच चालायला हवा.

हिशेब मांडून ठेवतो. १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला ६० फ्रेम : साधारण २४९ मेगाबाइट प्रति सेकंद. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट म्हणजे कागदावरसुद्धा ६० मेगाबाइटच. ५ गिगाबिटच्या लिंकमधून ८बी/१०बी एन्कोडिंग (दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवायची पद्धत) वजा केले की ५०० मेगाबाइट उरतात, त्यात आपले भागते. यूएसबी सांभाळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, एफएक्स-३ ठरलाच आहे, तो ५ गिगाबिटची एक लेन (डेटा जाण्या-येण्याची एक वाट) देतो.

धोका कुठे आहे तेही आताच लिहितो. ५ गिगाबिटची लिंक जुळली नाही तर यूएसबी काही न बोलता ४८० मेगाबिटवर उतरते. लॅपटॉपला उपकरण सापडते, नाव दिसते, सगळे आलबेल वाटते. यूएसबी-सीमध्ये हे नुसते एका बाजूनेही घडू शकते : केबल सुलटी असताना वेगवान, उलटी केली की मंद. म्हणून या कामाला मी एकच कसोटी लावणार आहे. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवल्यावर त्यात फरक दिसता कामा नये.

१२ जून

कनेक्टरचे चित्र समोर घेऊन बसलो. २४ पिना, दोन ओळी. वरच्या ओळीत ए१ ते ए१२, तिच्याखाली उलट्या क्रमाने बी१२ ते बी१. चारही टोकांना ग्राउंड, चौथ्या आणि नवव्या जागी व्हीबस, म्हणजे पॉवर. प्लग १८० अंशांत फिरवला की ए१ च्या जागी बी१ येते, म्हणजे ग्राउंडवर ग्राउंड आणि पॉवरवर पॉवर. इथपर्यंतची उलटसुलट कनेक्टर स्वतः निभावतो.

यूएसबी २.० ची जोडी मधोमध आहे. प्लगमध्ये ती एकाच बाजूला असते, म्हणून बोर्डावर ए६ ला बी६ आणि ए७ ला बी७ जोडून द्यायचे. बोलायला सोपे, पण समोरासमोर पाहिले तर ए६ च्या खाली बी७ येते आणि ए७ च्या खाली बी६. दोन्ही जोड सरळ काढले तर एकमेकांवरून जातात. एकाला व्हायातून (लेयर जोडणाऱ्या भोकातून) खालच्या लेयरवर उतरवून पलीकडे काढावेच लागते. हा जो फाटा उरतो तो साडेतीन मिलिमीटरच्या आत ठेवायचा. आपला दोनच्या आसपास बसेल.

वेगवान जोड्यांच्या बाबतीत मात्र कनेक्टर दोन संच देऊन मोकळा होतो. टीएक्स म्हणजे पाठवणारी जोडी, आरएक्स म्हणजे घेणारी. पहिला संच : टीएक्स१ (ए२, ए३) आणि आरएक्स१ (बी११, बी१०). दुसरा : टीएक्स२ (बी२, बी३) आणि आरएक्स२ (ए११, ए१०). केबल ज्या बाजूने बसेल त्यानुसार यातला एकच संच जिवंत असतो, आणि कुठला ते सीसी पिनवरून, म्हणजे जोडणी ओळखणाऱ्या पिनवरून, कळते. ए५ वर केबलची सीसी तार आली तर पहिला (केबल सुलटी), बी५ वर आली तर दुसरा (केबल उलटी). आपल्याकडे लेन एकच असल्यामुळे कंट्रोलर आणि कनेक्टर यांच्यामध्ये निवड करणारा मक्स हवाच.

मक्स टाळायचा एक मार्ग आहे : केबल कॅमेऱ्यालाच कायमची जोडून द्यायची. मग आपल्या टोकाला उलटसुलट राहतच नाही. डायव्हरांशी फोनवर बोललो, त्यांना केबल बदलता यायला हवी. खाऱ्या हवेत केबलच आधी जाते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

१६ जून

मक्स ठरला : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एचडी३एसएस३२२०. बाजू ओळखणारा सीसी कंट्रोलर आणि वेगवान मक्स एकाच चिपमध्ये, त्यामुळे केबलची बाजू कळणे आणि लेन बदलणे या दोन कामांत फर्मवेअर येत नाही. कॅमेरा सुरू होण्याआधी निवड झालेली असते, हे मला फार मोलाचे वाटते.

सीसीबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. ५.१ किलोओहमचा रेझिस्टर सीसी१ ला वेगळा आणि सीसी२ ला वेगळा हवा. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या बोर्डांवर दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर लावला होता. साध्या केबलवर ते चालले. पण ज्या केबलमध्ये ओळख देणारी चिप असते तिच्यात व्हीकॉनच्या (त्या चिपला वीज देणाऱ्या पिनच्या) बाजूला साधारण १ किलोओहम असतो. तो समांतर आला आणि चार्जरला समोर ऑडिओ अ‍ॅडॉप्टर आहे असे वाटून त्याने वीज दिलीच नाही. आपल्या मक्समध्ये हे रेझिस्टर आतच आहेत. तरीही सर्किट तपासताना दोन्ही सीसी रेघांवर बोट ठेवून शेवटपर्यंत गेलो.

१८ जून

कनेक्टर कुठल्या बांधणीचा घ्यायचा यावर बराच वेळ गेला. दोन्ही ओळी पृष्ठभागावर सोल्डर होणारा घेतला तर सिग्नलच्या दृष्टीने उत्तम, पण आतली ओळ धातूच्या कवचाखाली दडते. तिचे सोल्डर नीट झाले का हे एक्स-रेशिवाय दिसत नाही, आणि बिघडले तर सोल्डरिंगची इस्त्री आत जात नाही. मिश्र बांधणीच्या कनेक्टरमध्ये ए ओळ पृष्ठभागावर आणि बी ओळ भोकांतून खाली जाते. खालून डोळ्यांनी पाहता येते, हाताने दुरुस्त करता येते, आणि केबलला हिसका बसला तर पकडही जास्त. होडीवरच्या वस्तूला तोच योग्य.

याची किंमत बी ओळीतल्या वेगवान जोड्यांना मोजावी लागते. भोकाभोवतीचे तांबे म्हणजे वाढीव कपॅसिटन्स. सुलट्या केबलमध्ये आरएक्स भोकांतून येतो, उलट्या केबलमध्ये टीएक्स. म्हणजे दोन्ही बाजू मुळातच सारख्या नाहीत, त्या सारख्या करून घ्याव्या लागतील.

२३ जून

स्टॅक-अप, म्हणजे लेयरची मांडणी : चार लेयर, आतले दोन्ही ग्राउंड. पॉवर बाहेरच्या लेयरवर ओतीव तांब्याने. एक आतला लेयर पॉवरला द्यायची पद्धत आहे, पण बी ओळीच्या जोड्या खालच्या लेयरवरूनच काढायच्या आहेत. वरून काढायच्या तर ए ओळीच्या पॅडांमधून वाट काढावी लागते. खालच्या जोडीच्या डोक्यावर पॉवरचे तुकडे आले तर परतीच्या करंटला सलग रस्ता मिळत नाही.

डिफरन्शियल इम्पीडन्स (वेगवान सिग्नलला जोडीचा दिसणारा रोध) ९० ओहम. ट्रेसची रुंदी आणि अंतर बोर्ड बनवणाऱ्यांच्या स्टॅक-अपवरून त्यांच्याकडूनच काढून घेतले. पुस्तकी सूत्राने काढलेली रुंदी आणि त्यांच्या प्रत्यक्ष प्रीप्रेगवरची (लेयरमधल्या इन्सुलेटरवरची) रुंदी यांत फरक पडतो, आणि शेवटी बोर्ड त्यांच्याच प्रीप्रेगवर बनणार.

२६ जून

लेआऊटचा दिवस. डिचोलीहून येणारी आमची नवी इंजिनिअर कंट्रोलर ते मक्स हा भाग करत होती. आरएक्सच्या जोडीत प्लस आणि मायनस कंट्रोलरच्या बॉलवर (चिपखालच्या सोल्डरच्या गोळ्यांवर) एका क्रमाने, मक्सवर उलट्या क्रमाने. सरळ करायचे तर एका तारेला दोन व्हाया द्याव्या लागत होत्या.

“दादा, हे प्लस-मायनस असेच उलटे जोडले तर?” तिने विचारले.

“कुठल्या जोडीचे म्हणतेस?”

“फक्त सुपरस्पीडची. लिंक जुळवताना रिसीव्हर पोलॅरिटी स्वतः ओळखतो, असे वाचले मी.”

तिचे बरोबर आहे. यूएसबी ३ मध्ये (सुपरस्पीड म्हणजे त्याचाच ५ गिगाबिटचा वेग) लिंक जुळवणीच्या वेळी ठरावीक क्रमाची चिन्हे येतात. ती उलटी दिसली तर रिसीव्हर स्वतःच ती सुलटी करून घेतो, आणि हे प्रत्येक रिसीव्हरला बंधनकारक आहे. मक्स नुसता स्विच असल्यामुळे मध्ये अडसर नाही. व्हाया काढून टाकल्या, जोडी सरळ गेली, वरच्या लेयरवरून हललीच नाही. ही सवलत डी-प्लस डी-मायनसला नाही. ते उलटे झाले की यूएसबी २.० बंद. टीएक्स आणि आरएक्स यांची अदलाबदलही चालत नाही. तिला सांगितले, सर्किटच्या नकाशावर हे ठळक लिहून ठेव, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी ‘चूक’ म्हणून सरळ करायला जाईल.

लांबीबद्दलही तिच्याशी बोलणे झाले. जोडीतल्या दोन तारा आपसांत तंतोतंत हव्यात, पाव मिलिमीटरच्याही आत. ५ गिगाबिटला एक बिट २०० पिकोसेकंदांचा असतो आणि बोर्डावर एक मिलिमीटरला सहा-सात पिकोसेकंद जातात. पण टीएक्सची जोडी आणि आरएक्सची जोडी एकमेकींच्या लांबीच्या असण्याची काहीच गरज नाही, त्या स्वतंत्र धावतात. ते जुळवायला नागमोडी वळणे घातलेले बोर्ड मी पाहिले आहेत. त्यात जागा जाते, सिग्नल बिघडतो, हाती काही लागत नाही. जोडीतली तफावत जिथे निर्माण होते तिथेच, म्हणजे वळणाच्या लगेच पुढे, भरून काढायची.

टीएक्समधले १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर मक्सच्या कंट्रोलरकडच्या बाजूला ठेवले. कनेक्टरकडे ठेवले असते तर दोन्ही लेनसाठी मिळून चार लागले असते. इथे दोन पुरतात, आणि दोन्ही बाजूंना तेच दोन वापरले जातात, म्हणजे फरकाचे एक कारण कमी. मक्सला चालणारी कॉमन-मोड व्होल्टेजची मर्यादा डेटाशीटमध्ये पाहूनच हे ठरवले. खालच्या लेयरवरून आलेली जोडी मक्सजवळ वर चढते, तिथे दोन सिग्नल व्हायांच्या लगत दोन ग्राउंड व्हाया दिल्या.

३० जून

गर्बर, म्हणजे बोर्ड बनवायच्या फाइली, पाठवले.

१५ जुलै

बोर्ड आले. बाहेर पाऊस खळत नाही, खोलीतला आर्द्रतामापक नव्वदीच्या खाली येत नाही. बीजीएच्या, म्हणजे कंट्रोलर चिपच्या, पाकिटावर एमएसएल ३ (ओलावा सोसण्याची पातळी) छापले आहे : पाकीट उघडल्यावर १६८ तासांत सोल्डर करा. पण ते तास ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेचे आहेत. आपल्याकडच्या जुलैत तेवढा अवधी धरून चालणे धोक्याचे. आत शिरलेले पाणी रिफ्लोच्या (सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनच्या) उष्णतेत वाफ होते आणि चिप आतून फाटते, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून चिपची पाकिटे वेर्ण्याला असेंब्लीच्या दिवशीच, ओव्हनशेजारीच उघडायची. कोरे बोर्ड १०५ अंशांवर भाजून, सिलिका जेलसह सीलबंद करून नेले.

बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे जाताना समोरचे दिसत नव्हते, इतका पाऊस. पाकीट उघडल्यावर आर्द्रतेचे कार्ड पाहिले, ठिपके निळेच होते.

२१ जुलै

पहिली वीज. सीसी ओळख दोन्ही बाजूंनी बरोबर, मक्सची दिशा केबलबरोबर बदलते. लॅपटॉपवर उपकरणांची यादी काढली की वेगाचा आकडा दिसतो : सुलटे ५०००एम, उलटे ५०००एम. एक मीटरच्या केबलवर चित्र स्वच्छ.

२४ जुलै

दोन मीटरच्या केबलवर उलट्या बाजूने फ्रेम गळतात.

लिंक टिकून आहे, आकडा ५०००एमच दाखवतो, चित्रात कुठे डाग नाही. यूएसबी ३ मध्ये डेटाच्या पाकिटाचा सीआरसी (चूक पकडणारा आकडा) चुकला की ते पुन्हा मागवले जाते, म्हणून बिघाड चित्रात दिसत नाही, वेगात दिसतो. आणि आपल्याला २४९ मेगाबाइट सलग हवेत. पुनःपुन्हा मागवण्यात वेळ गेला की सेन्सर थांबत नाही, फ्रेम सुटते.

दिशा वेगळ्या करून पाहिल्या. उलट्या केबलवर लॅपटॉपकडून बोर्डाकडे डेटा सुरळीत, बोर्डाकडून लॅपटॉपकडे अडखळत. सुलट्या केबलवर बोर्डाकडून लॅपटॉपकडे उत्तम. केबलची टोके अदलाबदल केली, दुसऱ्या लॅपटॉपवर पाहिले, दुसरा बोर्ड घेतला, चित्र तेच. म्हणजे संशय टीएक्स२ वर, बी२ आणि बी३ वर, त्या भोकांवर.

कुणी म्हणेल की एक मीटरची केबल द्या. पण ५ गिगाबिटच्या यूएसबी-सी केबलला दोन मीटरपर्यंत मुभा आहे, आणि होडीच्या मागच्या फळीपासून लॅपटॉपच्या पेटीपर्यंत तेवढी लागतेच. डायव्हराच्या हातून केबल उलटी बसली म्हणून त्याच्या फ्रेम गळाव्यात, हे मला मान्य नाही.

३१ जुलै

एका कॉलेजच्या लॅबमध्ये टीडीआर वापरायला मिळाला. तिथल्या सरांनी प्रोब स्वतः लावून दिला आणि दुपारभर थांबले.

टीडीआर रेघेवर एक तीक्ष्ण पायरी सोडतो आणि परत येणाऱ्या लाटेवरून प्रत्येक ठिकाणचा इम्पीडन्स दाखवतो. टीएक्स१ ची रेघ ९० च्या आसपास चालत येते, पॅडवर थोडी खाली जाते, सावरते. टीएक्स२ ची रेघ खालच्या लेयरवरून तशीच शांत येते आणि भोकांपाशी एकदम ७० पर्यंत बसते. मग सावरतेय न सावरतेय तोच ईएसडी डायोडच्या (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या भागाच्या) पॅडचा दुसरा खळगा, पहिल्याला चिकटून. पायरीच्या वेगाला दोन खळगे वेगळे दिसतच नाहीत, एकच रुंद दरी दिसते.

“तुमचे आतले ग्राउंड भोकाच्या किती जवळ आलेय ते बघा,” सर म्हणाले. कॅडमध्ये बी२ मोठे करून पाहिले. दोन्ही ग्राउंड प्लेनमधली मोकळी जागा फूटप्रिंटच्या ठरीव मापाची, जी पॉवरच्या पिनेलाही तीच आणि १० पिकोसेकंदांच्या गोष्टी करणाऱ्या सिग्नललाही तीच. शिवाय आतल्या लेयरवर कशालाही न जोडलेल्या तांब्याच्या कड्या. भोकाची नळी, कड्या आणि प्लेनच्या कडा मिळून एक छोटा कपॅसिटर तयार झाला आहे. सुलट्या केबलमध्ये तोच खळगा आरएक्स१ वर आहे, पण तिथे लॅपटॉपचा जोमदार सिग्नल येतो आणि एफएक्स-३ चा इक्वलायझर निभावून नेतो. उलट्या बाजूने आपला सिग्नल निघतानाच खचतो आणि पुढे दोन मीटर जायचा असतो.

४ ऑगस्ट

दुसऱ्या आवृत्तीतले बदल :

वेगवान जोड्यांच्या चारही भोकांभोवती दोन्ही ग्राउंड प्लेनमधली मोकळी जागा वाढवली, आणि जोडीतल्या दोन भोकांची मोकळी जागा एकत्र करून लंबगोल केली. आतल्या लेयरवरच्या बिनकामाच्या कड्या काढल्या. बी१ आणि बी१२ या ग्राउंड पिना शेजारीच आहेत, त्यांना मात्र दोन्ही प्लेनशी घट्ट ठेवले, म्हणजे मोकळी जागा वाढली तरी परतीच्या करंटला वळसा पडत नाही.

ईएसडी डायोड कमी कपॅसिटन्सचा घेतला, अर्ध्या पिकोफॅरडच्या आतला, आणि जोडी ज्याच्या पोटाखालून सरळ निघून जाते अशा पाकिटातला. भोकांपासून तो थोडा मागे घ्यावा की नाही यावर वाद झाला. मागे घेतला तर दोन खळगे सुटे होतात, पण संरक्षण कनेक्टरपासून लांब जाते. ओल्या हातांपेक्षा सुक्या हातांनी स्थिर वीज जास्त येते, तरी होडीवरची नायलॉनची जाकिटे मी विसरत नाही. डायोड कनेक्टरजवळच ठेवला आणि त्याच्या पॅडखालच्या ग्राउंडला छोटी खिडकी पाडली.

ए ओळीलाही तेच डायोड, तीच खिडकी. ए ओळीचे काम चालू होते, तिला हात कशाला, असे एकदा वाटले. पण एक बाजू सुधारायची आणि दुसरी आहे तशी ठेवायची, तर फरक फक्त जागा बदलतो.

७ ऑगस्ट

गर्बर पाठवले. बोर्ड बनवणाऱ्यांना पत्रात वेगळे लिहिले की आतल्या कड्या आम्ही समजून काढल्या आहेत, त्या परत घालू नयेत.

२५ ऑगस्ट

बोर्ड आले आहेत, पण परवा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. असेंब्लीवाल्यांकडे पुढच्या आठवड्यापर्यंत कुणी नाही, आणि आमच्याकडेही माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचे) सामान आणायला सगळे बाजारात. बोर्ड भाजून सीलबंद करून ठेवले.

८ सप्टेंबर

दुसऱ्या आवृत्तीचा टीडीआर. टीएक्स२ चा खळगा आता ८३ वर थांबतो, टीएक्स१ चा ८५ वर. दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या तर भोकांची जागा शोधावी लागते. सरांनी आलेख छापून माझ्या हातात दिला आणि एक प्रत लॅबच्या भिंतीवर लावली, विद्यार्थ्यांसाठी.

१० सप्टेंबर

दोन मीटरची केबल, सेन्सर ६० फ्रेमवर, रात्रभर. एफएक्स-३ च्या एसडीकेमध्ये (फर्मवेअर लिहायच्या संचात) फिजिकल आणि लिंक लेयरच्या चुका मोजायचे फंक्शन आहे, तेही दर मिनिटाला वाचत ठेवले. मध्ये वीज गेली, सगळे इन्व्हर्टरवर आले, चाचणी थांबली नाही. सकाळी केबल उलटी करून पुन्हा तेवढाच वेळ. गळालेल्या फ्रेम दोन्ही बाजूंनी शून्य. चुकांचे मोजमाप दोन्ही बाजूंनी शून्य. पहिल्या आवृत्तीचा बोर्ड त्याच केबलवर, त्याच लॅपटॉपवर लावून पाहिला. उलट्या बाजूने तो पहिल्या काही मिनिटांतच फ्रेम गाळू लागला. म्हणजे सुधारणा हवामानाची किंवा केबलची नाही.

१२ सप्टेंबर

ऑक्टोबरात समुद्र निवळला की कॅमेरे बाहेर पडतील, त्याआधी उरलेले बोर्ड भरायचे आहेत. चाचणीचा तक्ता केला. प्रत्येक बोर्डासाठी दोन ओळी, सुलटी आणि उलटी. प्रत्येक ओळीत जुळलेला वेग, दोन्ही दिशांचा डेटा दर, गळालेल्या फ्रेम, दोन्ही लेयरच्या चुका. केबल दोन मीटरचीच, आणि तिच्या प्लगच्या एका बाजूला रंगाचा ठिपका, म्हणजे तपासणाऱ्याला बाजू चाचपावी लागणार नाही. नुसता ५०००एम आकडा पाहून बोर्ड पास करायचा नाही, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहिले. तक्ता आमच्या नव्या इंजिनिअरकडे दिला आहे. दोन्ही ओळी भरून तिची सही झाल्याशिवाय बोर्ड कॅमेऱ्याच्या पेटीत जाणार नाही.